स्ट्रीमिंगचा पडदा आणि गीतकाराचा हक्क

मोबाइलच्या पडद्यावर आज चित्रपट, मालिका आणि गाणी हवी तेव्हा उघडतात. पाहणाऱ्याला हे सारे एकाच नळाचे पाणी वाटते. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे प्रवाह निरनिराळे आहेत. काय दाखवावे हा एक प्रश्न, आणि जे दाखवले त्यावर मालकी कोणाची हा दुसरा. पहिल्यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ गाजावाजा होतो. आमच्या मते आपल्या समाजाशी अधिक जवळचा प्रश्न दुसरा आहे.

पहिल्याचे थोडक्यात सांगतो. चित्रपटगृहात दाखवायच्या चित्रपटाला 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागते. स्ट्रीमिंग मंचांवरील मालिकांना अशा पूर्वप्रमाणपत्राची अट नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये हे मंच माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या कक्षेत आले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली नवे नियम लागू झाले. त्यांनुसार मंचाने स्वतःच आशयाची वयोगटानुसार वर्गवारी करावयाची असते. तक्रार प्रथम मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग मंचांच्या स्वनियामक संस्थेकडे आणि शेवटी शासनाकडे जाते. याच नियमांतील आचारसंहिता पाळण्याच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये अंतरिम स्थगिती दिली. पुढे मार्च 2024 मध्ये अश्लील आशयाच्या कारणावरून शासनाने 18 मंच बंद केले. नियंत्रण किती असावे हा वाद अजून मिटलेला नाही.

आता दुसरा प्रश्न. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीत, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांवर स्वतंत्र हक्क असतात. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. चित्रपट व ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे. 2012 साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातील कलम 31 ड ने प्रसारण संस्थांना अशी सवलत दिली की, हक्कधारकाशी वैयक्तिक करार झाला नाही तरी पूर्वसूचना देऊन आणि ठरवलेल्या दराने पैसे भरून गाणी प्रसारित करता येतील. ही सवलत इंटरनेटवरील सेवांनाही आहे काय, हा प्रश्न टिप्स या ध्वनिमुद्रण कंपनीने विंक या गाण्यांच्या सेवेविरुद्ध लढलेल्या खटल्यात उभा राहिला. केंद्र शासनाच्या एका विभागाने 2016 मध्ये निवेदन काढून होकारार्थी मत दिले होते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये ते मान्य केले नाही. कलमात रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचेच दर वेगवेगळे ठरवण्याची भाषा आहे, इंटरनेटची नाही, हा न्यायालयाचा युक्तिवाद. शिवाय गाणे उतरवून घेऊन मोबाइलमध्ये साठवणे म्हणजे प्रसारण नव्हे. ऑक्टोबर 2022 मध्ये खंडपीठानेही हाच निर्णय कायम केला. थोडक्यात, स्ट्रीमिंग सेवेला गाणे हवे असेल तर तिने हक्कधारकाशी बोलणी करूनच ते घ्यावे.

पण हा हक्कधारक कोण? येथे आम्हांला थांबावेसे वाटते. आपल्याकडे कित्येक गीतकारांनी आणि गायन पार्ट्यांनी जयंतीच्या निमित्ताने कॅसेट काढल्या. कंपनीने हजार-दोन हजार रुपये हातावर ठेवले, एका कागदावर सही घेतली आणि विषय संपला. आज तीच गाणी मोबाइलवर वाजतात, आणि लिहिणाऱ्याच्या घरी त्याची वार्ताही नसते. 2012 च्या दुरुस्तीने येथे काही आधार दिला आहे. गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टी मिळवण्याचा हक्क कंपनीला लिहून देता वा सोडून देता येत नाही. चित्रपटबाह्य ध्वनिमुद्रणालाही हे लागू आहे. हस्तांतराचा करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. आणि करार करताना जे माध्यम व्यवहारात नव्हते, त्याचा त्यात स्पष्ट उल्लेख नसेल तर ते हक्क कंपनीकडे जात नाहीत. कॅसेटच्या काळातील कागदात स्ट्रीमिंगचे नाव कोठून असणार! तथापि 2012 पूर्वीच्या करारांना या नव्या तरतुदी कितपत लागू पडतात याविषयी कायदेपंडितांत मतभेद आहेत, म्हणून जुना कागद वकिलाला दाखवल्याविना निष्कर्ष काढू नये. वारसांनी तो कागद जपून ठेवावा. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही नोंदणीकृत संस्था आहे. तिचे सदस्यत्व घेतल्यास वसुली सुलभ होते.

शाळांनाही हा कायदा स्पर्श करतो. कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेला सवलत आहे : विद्यार्थी व शिक्षक गीत वा नाटक सादर करू शकतात, ध्वनिमुद्रण वा चित्रपट दाखवता येतो, मात्र प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती यांपुरते असावेत. परंतु स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण इंटरनेटवर ठेवताच प्रेक्षक साऱ्या जगाचे होतात आणि ही सवलत पुरत नाही. पार्श्वभूमीला चित्रपटगीत वाजत असेल तर कंपनीची यंत्रणा ते ओळखते आणि ध्वनी बंद होतो किंवा चित्रफीतच अडते. 2013 च्या नियमांनुसार हक्कधारकाने लेखी तक्रार केल्यास संबंधित मंचाने 36 तासांत ती सामग्री रोखावी लागते; 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर मंचाला ती पुन्हा खुली करता येते. म्हणून स्मरणचित्रफितीत मुलांनी स्वतः रचलेली गीते घ्यावीत, आणि रचणाऱ्याचे नाव पडद्यावर लिहावे. वर्गणीच्या खात्यावरून घेतलेला चित्रपट सभागृहात दाखवण्यापूर्वी त्या सेवेच्या अटीही वाचाव्यात, कारण बहुतेक वर्गण्या घरगुती वापरासाठीच दिलेल्या असतात.

चोरून पुरवलेल्या चित्रपटांच्या दुव्यांविषयी एवढेच की, 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने चित्रपटाच्या अनधिकृत ध्वनिचित्रमुद्रणास व प्रसारास किमान तीन महिने आणि तीन वर्षांपर्यंत कैद, आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. व्हॉट्सॲप गटांत असे दुवे पुढे ढकलणाऱ्या मुलांना पालकांनी हे आकडे वाचून दाखवावेत.