विकत घेतलेली शिफारस : इंटरनेटवरील दुकानदारीतला धोका

घाऊक बाजारात दलालाचे काम सर्वांना ठाऊक आहे. परगावचा व्यापारी येतो, दलाल त्याला योग्य गाळ्यावर नेतो, सौदा होतो आणि दलालाला ठरलेली दलाली मिळते. यात लपविण्यासारखे काही नसते. हा माणूस दलाल आहे, हे खरेदीदारालाही माहीत असते. पण समजा, त्याच बाजाराच्या नाक्यावर एखादा माणूस साधा गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला, "मी स्वतः माल वापरला आहे, अमक्याकडेच जा" असे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू लागला आणि त्याबद्दल दुकानदाराकडून गुपचूप पैसे घेऊ लागला, तर त्याला आपण दलाल म्हणणार नाही. ती पैसे देऊन उभी केलेली साक्ष होय.

इंटरनेटवर आज ही दोन्ही कामे शेजारी शेजारी चालतात. आपल्या समाजातील अनेक तरुण ब्लॉग लिहून चार पैसे मिळवितात. दुसरीकडे भिवंडी, मालेगाव, सोलापूरकडच्या छोट्या दुकानदारांनाही फोन येतात, "तुमचे दुकान गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो, दरमहा इतके पैसे द्या." या दोघांनीही दलाली कोणती आणि विकत घेतलेली साक्ष कोणती, हे नीट समजून घेणे गरजेचे आहे. चूक झाली तर पैसा जातो आणि दुकानाचे नावही जाते.

लिंकला किंमत कशी आली?

लिंक म्हणजे एका वेबसाइटवरून दुसऱ्या वेबसाइटवर नेणारी वाट. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 साली गुगल कंपनी सुरू केली. त्यांची मूळ कल्पना साधी होती. एखाद्या पानाकडे इतर अनेक पाने बोट दाखवीत असतील, तर ते पान उपयोगाचे असले पाहिजे. बोट दाखविणारा स्वतः पत असलेला असेल, तर त्याच्या साक्षीला वजन जास्त. या पद्धतीला त्यांनी पेजरँक असे नाव दिले.

साक्षीला वजन आले की साक्षी विकणारेही येतात. बघता बघता लिंकचा बाजार उभा राहिला. जुन्या, नावाजलेल्या ब्लॉगवर एक ओळ टाकण्याचे महिन्याचे भाडे ठरू लागले. लेख स्वयंपाकाविषयी असला तरी मध्येच "स्वस्त चादरी" हे दोन शब्द येणार आणि ते एखाद्या दुकानाकडे नेणार. वाचकाला त्याचा उपयोग नाही. ती लिंक यंत्राला फसविण्यासाठीच टाकलेली असते.

दलाली वेगळी, साक्ष वेगळी

ॲफिलिएट लिंक ही मात्र मुळात दलालीच आहे. ॲमेझॉन कंपनीने 1996 साली ही योजना सुरू केली. ब्लॉगवरील लिंकमध्ये ब्लॉग लिहिणाऱ्याची खूण असते. त्या वाटेने गेलेल्या गिऱ्हाइकाने खरेदी केली की विक्रेता आपल्या पदरातून कमिशन देतो. खरेदी झाली नाही तर काही मिळत नाही. गुगलचा अशा लिंकला विरोध नाही, पण त्याच्या दोन अटी आहेत.

पहिली अट अशी की पैशाचा संबंध असलेल्या लिंकवर तशी खूण असली पाहिजे. 2005 च्या जानेवारीत गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 'नोफॉलो' नावाची खूण मान्य केली. वेबपानाच्या आतल्या सांकेतिक मजकुरात ती टाकली की यंत्राला कळते, ही लिंक शिफारस म्हणून धरायची नाही. 2019 साली गुगलने केवळ जाहिरात व कमिशनच्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण दिली. यांपैकी कोणतीही वापरली तरी चालते.

दुसरी अट अशी की ब्लॉगवर लिहिणाऱ्याचे स्वतःचे काही तरी असले पाहिजे. कंपनीने दिलेले वर्णन जसेच्या तसे उतरवून खाली कमिशनची लिंक चिकटविली, तर असे पान गुगल निकृष्ट ठरविते. वस्तू वापरून पाहिलेली असावी, तुलना केलेली असावी, दोषही सांगितलेले असावेत.

मोठ्यांचीही सुटका झाली नाही

अमेरिकेतील जे. सी. पेनी ही मोठी दुकानसाखळी. 2010 च्या सणासुदीच्या हंगामात कपडे, अंथरूण-पांघरूण, गालिचे असे काहीही शोधले तरी तिचे नाव सर्वांत वर दिसे. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने शोध घेतला, तेव्हा काहीही संबंध नसलेल्या शेकडो वेबसाइटवर तिच्या लिंक पेरलेल्या आढळल्या. गुगलने कारवाई केली आणि प्रवासी बॅगांच्या एका शोधात पहिल्या क्रमांकावर असलेले नाव काही तासांत 71 व्या क्रमांकावर गेले. आपल्याला या लिंकची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेला काढून टाकले. तरीही सुमारे 3 महिने शिक्षा कंपनीनेच भोगली. काम कोणाकडूनही करून घेतले तरी नाव दुकानदाराचे जाते, हा यातला धडा आहे.

2013 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधील फुले पोहोचविणाऱ्या इंटरफ्लोरा कंपनीवर अशीच वेळ आली. अनेक स्थानिक वृत्तपत्रांच्या वेबसाइटवर तिचे जाहिरातवजा लेख आले होते आणि त्यात खूण न केलेल्या लिंक होत्या. त्यानंतर कंपनीचे स्वतःचे नाव टाकून शोधले तरी तिची वेबसाइट दिसेनाशी झाली. सुमारे 11 दिवसांनी ती परत आली. लेख छापणाऱ्या वृत्तपत्रांच्या वेबसाइटचीही पत त्या सुमारास घसरलेली दिसली. म्हणजे झळ घेणाऱ्याला लागली, तशी विकणाऱ्यालाही.

गुगलला स्वतःलाही हा नियम लावावा लागला. जानेवारी 2012 मध्ये त्याच्या क्रोम या ब्राउझरच्या प्रचारासाठी पैसे देऊन लेख लिहविले गेल्याचे उघड झाले. तेव्हा कंपनीने क्रोमचे पान किमान 60 दिवसांसाठी खाली ढकलले.

कोर्टात दाद मागता येईल, असे कोणाला वाटत असेल तर जुना अनुभव उत्साह देणारा नाही. लिंकच्या विक्रीची मध्यस्थी करणाऱ्या सर्चकिंग या कंपनीची पत गुगलने घसरविली, म्हणून तिने अमेरिकेतील ओक्लाहोमा येथे दावा लावला. कोणाला कोणता क्रमांक द्यायचा हे गुगलचे मत आहे, असे म्हणून 2003 साली न्यायालयाने दावा फेटाळला.

आज काय होते?

एप्रिल 2012 मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाची पद्धत आणली. तिच्यामुळे बनावट लिंकच्या आधारे वर चढलेली असंख्य पाने खाली आली. 2016 पासून हे काम सतत चालते आणि अशा लिंकची बहुधा दखलच घेतली जात नाही. म्हणजे दुकानदाराने दरमहा दिलेले पैसे पाण्यात जातात आणि ते त्याला कळतही नाही. प्रकरण गंभीर असेल तर गुगलची माणसे स्वतः कारवाई करतात. तशी सूचना वेबसाइटच्या मालकाला गुगलच्या 'सर्च कन्सोल' या मोफत सेवेत मिळते. मग एकेक लिंक काढून फेरविचारासाठी अर्ज करावा लागतो.

ब्लॉग लिहिणाऱ्याचे नुकसान याहून मोठे आहे. लिंक विकून त्याला थोडे पैसे सुटतात, पण ज्या वाचकांच्या जोरावर ब्लॉग उभा आहे ते गुगलवरूनच येतात. ती वाट बंद झाली की कमिशन जाते आणि जाहिरातीही जातात. 2024 साली गुगलने आणखी एक नियम केला. एखाद्या वेबसाइटचा नावलौकिक वापरण्यासाठीच दुसऱ्याने तिची पाने घेतली, तर त्यावरही कारवाई होते.

आपल्या दीनची कसोटी

हे नियम एका परदेशी कंपनीचे आहेत. पण मुसलमान व्यापाऱ्याला त्यात नवे काय आहे? इमाम बुखारी यांनी दलालीविषयी वेगळे प्रकरण दिले आहे आणि इब्ने सीरीन, अता, इब्राहीम व हसन यांना दलालीच्या मोबदल्यात गैर वाटत नव्हते, असे नोंदविले आहे. मोबदला ठरलेला असावा, काम उघड असावे.

याउलट प्रेषित मुहम्मद (स.) यांनी 'नज्श'ला मनाई केली. नज्श म्हणजे स्वतःला घ्यायचे नसताना खोटी बोली लावून दुसऱ्याला भुलविणे. गुपचूप पैसे घेऊन केलेली शिफारस याच जातीची नाही काय? धान्याच्या राशीची हदीसही सर्वांना ठाऊक आहे. प्रेषितांनी राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. "या लिंकबद्दल मला पैसे मिळतात" ही ओळ म्हणजे ओले धान्य वर ठेवणेच आहे.

आणखी एक गोष्ट. व्याजाचे कर्ज, क्रेडिट कार्ड, पैज आणि जुगार यांच्या लिंकवर भरघोस कमिशनचे आमिष असते. लिंक लावणारा त्या व्यवहाराचा वाटाडा होतो, हे विसरू नये. शंका असेल तर जाणत्या आलिमांना विचारावे.

देशाचा कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे आली. शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी पैशाचा संबंध असेल, तर तो स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

व्यवहारात काय करावे?

1. पहिल्या पानाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. अशी हमी कोणालाच देता येत नाही.

2. प्रचाराचे काम दिले तर लिंक कोठे आणि कशा लावणार, हे लेखी घ्यावे. "ते आमचे गुपित आहे" असे उत्तर आले तर तेथेच थांबावे.

3. ब्लॉगवर कमिशनची माहिती लेखाच्या सुरुवातीला, साध्या मराठीत द्यावी. प्रत्येक अशा लिंकवर खूण करावी.

4. स्वतःच्या ॲफिलिएट लिंकवरून घरची खरेदी करून कमिशन मिळवू नये. ॲमेझॉनच्या नियमांत ते बसत नाही.

5. पूर्वी लिंक विकल्या असतील तर सूचनेची वाट न पाहता त्या काढाव्यात किंवा त्यांवर खूण करावी.

6. खऱ्या शिफारशी मिळवाव्यात. आपण ज्यांच्याकडून माल घेतो ते कारखानदार, आपली व्यापारी संघटना, समाधानी गिऱ्हाइके यांना आपली माहिती आपखुशीने द्यावीशी वाटेल असे काम करावे. हिमरू विणणाऱ्या कारागिराने माग कसा चालतो, खरा नमुना कसा ओळखावा, हे छायाचित्रांसह लिहिले, तर त्या पानाकडे लोक आपणहून बोट दाखवतील. पैसे देणे बंद केले म्हणून ती शिफारस कोणी काढून घेणार नाही.

यात वेळ लागतो, हे खरे आहे. पण आपल्या वाडवडिलांनीही पेढीचे नाव एका दिवसात कमावले नव्हते. खरेदीदार आणि विक्रेता खरे बोलले तर सौद्यात बरकत, लपविले तर बरकत गेली, ही शिकवण काचेच्या पडद्यावरील दुकानालाही तेवढीच लागू आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.