दगडी पायऱ्यांचं पोचितेल

यंदा ऑक्टोबरमध्ये मुलाने आम्हा दोघांना जर्मनीला बोलावून घेतलं. "अब्बा, युरोप दाखवतो," म्हणाला. आमच्या डोळ्यांसमोर पॅरिस आणि स्वित्झर्लंड. त्याने मात्र सारायेवोची तिकिटं काढली होती. "जिथे अजान ऐकू येते तो युरोप आधी बघू," असं त्याचं म्हणणं. बोस्निया-हर्झेगोविना या छोट्या देशात निम्मे लोक मुस्लिम आहेत आणि ते बाहेरून आलेले नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच आहेत, हे आम्हाला ठाऊक होतं. पण ऐकणं वेगळं आणि पाहणं वेगळं.

सारायेवोहून भाड्याची गाडी घेतली आणि सकाळी निघालो. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात. डोंगर ओलांडला की कोन्यित्स गाव येतं आणि तिथून नेरेत्वा नदी सोबतीला येते. पाणी हिरवं, दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधून मधून बोगदे. कोन्यित्सचा दगडी पूल 1682 चा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1945 मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने तो उडवला. 2009 मध्ये तो पुन्हा जुन्या रूपात उभा राहिला.

पुढे मोस्तार. तिथला प्रसिद्ध जुना पूल उस्मानी काळात, 1566 मध्ये मिमार हैरुद्दीन यांनी बांधून पूर्ण केला. 9 नोव्हेंबर 1993 रोजी तोफांच्या माऱ्याने तो नदीत कोसळला आणि 23 जुलै 2004 रोजी पुन्हा खुला झाला. पुलावर फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी, की आम्ही अर्ध्या तासात काढता पाय घेतला. तिथून दक्षिणेला साधारण तीस किलोमीटरवर नदीच्या डाव्या तीरावर एक चढ आहे. त्या चढावर अख्खं गाव पायऱ्या पायऱ्यांनी बसलं आहे. तेच पोचितेल. आमच्या सगळ्या सफरीत मनात राहिलं ते हेच गाव.

गाडी खाली रस्त्यालाच लावावी लागते. वर सगळ्या दगडी पायऱ्या. घरांच्या भिंती दगडाच्या, छपरंही दगडी फरश्यांची. भिंतींवरून डाळिंबाच्या आणि अंजिराच्या फांद्या बाहेर डोकावतात. हिचे गुडघे दुखरे, म्हणून दहा पायऱ्या चढायच्या आणि थांबायचं, असं करत आम्ही वर गेलो. त्यामुळे गाव नीट पाहून झालं, हा फायदाच म्हणायचा.

किल्ला पंधराव्या शतकातला. 1471 मध्ये इथे उस्मानी सत्ता आली आणि ती 1878 पर्यंत टिकली. हाजी अलिया यांची मशीद 1563 च्या सुमाराची. पुढे इब्राहिम पाशाने मदरसा, हमाम आणि मुसाफिरखाना बांधला. घड्याळाचा एक मनोराही आहे. एवढ्याशा गावात इल्म, पाकी, मेहमाननवाजी आणि वेळ, या सगळ्यांची सोय. मुसाफिरखान्याच्या दाराशी उभं राहिल्यावर वाटलं, आपल्यासारखे थकलेले किती मुसाफिर इथे टेकले असतील!

आम्ही मशिदीत शिरलो तेव्हा जुहरची वेळ झाली होती. बाहेरच्या नळावर वुजू केला. एक मोठा घुमट, पुढे तीन छोट्या घुमटांचा ओटा, आत पांढऱ्या भिंती आणि शांतता. आम्ही मुसाफिर, म्हणून कसर नमाज पढलो. एक तुर्की कुटुंबही आमच्या सफमध्ये येऊन उभं राहिलं. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, सलाम मात्र सगळ्यांना कळला.

ही मशीद पाहून कोणालाही वाटेल की ती साडेचारशे वर्षं अशीच उभी आहे. तसं नाही. 1993 च्या युद्धात बोस्नियन क्रोएट फौजेने गावातल्या मुस्लिमांना घरांतून हाकललं. घरं जाळली गेली, मशीद स्फोटकांनी उडवली गेली, मिनार पाडला गेला. 1996 मध्ये जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत पोचितेलचं नाव आलं. नंतर दुरुस्ती सुरू झाली, मशीद पुन्हा उभी राहिली. दगड जागेवर आले. माणसं मात्र थोडीच परतली. चढावर आजही बरीच दारं बंद दिसतात.

उतरताना एक म्हातारी बाई भेटली. डोक्याला रुमाल, समोर टोपली. कागदाच्या पुड्यांत सुके अंजीर आणि शेजारी डाळिंबाचा रस. सुनेने मोबाइलवरच्या भाषांतराच्या मदतीने बोलायला सुरुवात केली. पण काही शब्दांना मोबाइल लागलाच नाही. साखरेला ते ‘शेचेर’ म्हणतात, साबणाला ‘सापुन’, दुकानाला ‘दुचान’, मोहल्ल्याला ‘महाला’. नमाजला नमाजच. आणि आजीला ‘नाना’! हे ऐकून नात हसत सुटली, कारण तिचे नाना तर चिपळूणला आहेत, मिशीवाले.

या नानाचंही घर जळालं होतं. मुलं ऑस्ट्रियात वाढली, तिथेच स्थिरावली. ती स्वतः काही वर्षांनी परत आली. मुलं उन्हाळ्यात येतात, तेव्हा वरच्या खोल्या उघडते, गाद्या उन्हात टाकते. मग तिने विचारलं, "तुमचं घर कुठे?" मुलाने सांगितलं, खेड तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नाही. "कोण राहतं तिथे?" कोणी नाही, कुलूप आहे. "झाडं आहेत?" आहेत. आंबे, एक फणस, दोन नारळ. "मग पाणी कोण घालतं?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

वाचकहो, इथे एक गोष्ट सांगायला हवी. ते घर विकायचं आमच्या तिघा भावांत जवळपास ठरलं होतं. एक कुवेतला, एक मुंब्र्याला, आम्ही पुण्यात. अकरा वर्षांत तिथे कोणी चार दिवस राहिलेलं नाही. गिऱ्हाईक तयार होतं, फक्त आमचा होकार बाकी होता. आमच्या मोहल्ल्यात अशी किती तरी घरं आहेत, आणि जुम्याला मशिदीत पहिली सफ जेमतेम भरते. पोचितेलच्या लोकांना बंदुकीच्या धाकाने घर सोडावं लागलं. आपल्याला कोणी हाकललं नाही. रोजीरोटीसाठी आपण आपल्या पायांनी निघालो आणि परत फिरायचं राहून गेलं. त्यांचं दुःख आणि आपलं आळस एका मापात मोजणं बरं नव्हे. म्हणूनच तिचा प्रश्न जास्त टोचला.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. सारायेवो ते मोस्तार साधारण 130 किलोमीटर. रस्ता चांगला, पण वळणांचा, आणि गाडी उजव्या बाजूने चालवायची. तिथलं चलन कन्व्हर्टिबल मार्क. छोट्या विक्रेत्यांसाठी थोडी रोकड जवळ असू द्या. दगड गुळगुळीत आहेत, म्हणून घट्ट तळाचे बूट घाला. या भागात वस्ती मिश्र आहे, तेव्हा जेवण्याआधी हलालची चौकशी करून घ्या. विचारलं तर कोणी वाईट मानत नाही.

रात्री मोस्तारच्या मुक्कामावरून कुवेतला फोन लावला. भावाला म्हटलं, "गिऱ्हाइकाला सध्या थांबव. मे महिन्यात सगळे पोराबाळांसह गावी जमू. आठ दिवस राहू, मग ठरवू." तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाईजान, विहिरीचा पंप बंद पडलाय. आधी तो दुरुस्त करायला लागेल."

घर राहील की जाईल, हे अल्लाहला ठाऊक. पंपवाल्याशी मात्र बोलणं झालं आहे. अंजिरांची एक पुडी आम्ही न फोडता ठेवली आहे. इन्शाअल्लाह, ती गावच्या ओटीवर बसून फोडू.