हिपॅटायटिस-बी लस आणि रुग्णालयाचे भांडार

जनुकीय तंत्राने निर्माण केलेली भारतातील पहिली हिपॅटायटिस-बी लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने उपलब्ध करून दिली. मातेकडून होणारा संसर्ग टाळण्यासाठी नवजात अर्भकास ही लस जन्मानंतर २४ तासांच्या आत टोचावी लागते. म्हणून रात्री व सुटीच्या दिवशीही ती प्रसूतिकक्षास मिळणे अगत्याचे आहे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी. एकदा गोठलेली लस वितळली तरी निरुपयोगीच राहते. यास्तव शीतकपाटाचे तापमान दिवसातून दोनदा नोंदवावे, आधी मुदत संपणाऱ्या कुप्या आधी वापराव्यात व साठा संपण्यापूर्वीच मागणीपत्र पाठवावे. भांडारपालाची ही दक्षता रोगप्रतिबंधाचेच कार्य होय.