धसका अंगात बसतो तेव्हा

11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या 11 मिनिटांत सात स्फोट झाले. शेवटचा बोरिवलीचा. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, शेकडो जखमी झाली. दुसऱ्या दिवशी लोकल पुन्हा भरून धावल्या आणि मुंबईच्या धीराचं जगभर कौतुक झालं. त्या गर्दीत कडी धरून उभ्या असलेल्यांचा श्वास कुठे अडकला होता, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

धक्क्यातून गेलेल्या माणसाला आपण सांगतो, ‘बोल, मन मोकळं कर.’ अनेकांना ते जमत नाही, आणि त्यामागे हट्ट किंवा संकोच असतोच असं नाही. बॉस्टनमधल्या संशोधकांनी 1996 मध्ये आठ रुग्णांना त्यांच्याच भयानक अनुभवाचं वर्णन ऐकवलं आणि त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. भीतीशी निगडित अमिग्डालाचा परिसर खवळलेला दिसला. बोलण्यासाठी लागणारा डावीकडचा ब्रोकाचा भाग मात्र मंदावलेला होता. शब्द खरोखरच हाती लागत नाहीत. छातीतली धडधड, पोटातला गोळा, गळालेले पाय हे सारं तेवढं उरतं.

शरीरकेंद्री उपचार इथूनच सुरुवात करतात. ‘काय झालं?’ हा प्रश्न मागे ठेवून उपचारक विचारतो: तळवे जमिनीला टेकलेत का? खांदे कुठे आहेत? आत्ता या खोलीत कोणते आवाज येताहेत? भीतीची लाट थोडी चढू द्यायची, ती उतरताना अनुभवायची, आणि हे सगळं रुग्णाच्या मर्जीने, त्याला हवं तिथे थांबत करायचं.

यात श्वासाला एवढं महत्त्व का, ते स्वतःच पाहता येतं. मनगटावर नाडी धरा. चार अंक मोजेपर्यंत श्वास आत घ्या, आठ मोजेपर्यंत सोडा. श्वास सोडताना बहुतेकांचे ठोके किंचित संथ होतात, कारण त्या वेळी व्हेगस नावाची नस हृदयाला अधिक जोराने ब्रेक लावते. हृदयाला थेट हुकूम देता येत नाही. श्वासाच्या वाटेने विनंती करता येते!

शरीराच्या अशा वाटा यंत्रांनी तपासण्याचं काम एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी हाती घेतलं होतं. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. नौली या योगक्रियेत पोटाचे सरळ स्नायू मधोमध खांबासारखे उभे करतात. पाण्यात बसून ती केली की पाणी मोठ्या आतड्यात चढतं. ही किमया अपानवायूची, असं परंपरा सांगे. गुण्यांनी दाबमापक लावला. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. पाणी चढत होतं ते या अर्धवट पोकळीमुळे. या पोकळीला त्यांनी आपले गुरू माधवदास यांचं नाव दिलं. श्रद्धा आणि मोजमाप एकाच खोलीत किती सुखाने नांदू शकतात! 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. योगाने मन सावरतं असं आज उठसूट सांगितलं जातं. योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या गुण्यांची आठवण त्यात क्वचितच निघते.

त्यांच्याच कडक नजरेने आजचे दावे पाहायला हवेत. मनोविकारतज्ज्ञ बेसल व्हॅन डर कोल्क यांच्या 2014 च्या अभ्यासात उपचारांना दाद न देणाऱ्या 64 स्त्रिया होत्या. दहा आठवड्यांच्या योगवर्गानंतर 31 पैकी 16 जणी आघातोत्तर तणावविकाराच्या निकषांतून बाहेर आल्या; नुसत्या आरोग्यशिक्षणाच्या गटात 29 पैकी सहा. फरक ठळक आहे, पण अभ्यास लहान आहे. बिहारमधल्या 2008 च्या पुरानंतर 22 पूरग्रस्तांवर एका आठवड्याच्या योगाचा प्रयोग झाला. त्यात दुःखाची भावना तेवढी लक्षणीय कमी झाली. आठवडाभरात एवढंही थोडं नाही, मात्र त्याला बरं होणं म्हणता येत नाही.

म्हणून दोन दिवसांच्या शिबिरात ‘शरीरात साठलेला आघात बाहेर काढतो’ असं कुणी सांगितलं तर सावध व्हावं. आघात हा अंगात अडकलेला पदार्थ नाही. अननुभवी हाताखाली जुन्या आठवणी एकदम उसळल्या तर त्रास वाढूही शकतो. आघातावर बेतलेली संवादाची उपचारपद्धती आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर यांच्यामागे आज याहून भक्कम पुरावा आहे. शरीराचं काम त्यांच्या जोडीला चांगलं शोभतं.

वर्षानुवर्षं एखाद्या आवाजाने, वासाने किंवा गर्दीने अंग आक्रसत असेल, तर त्याला सवय समजून सोडून देऊ नका. मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाला भेटा. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा क्रमांक 14416 आहे. फोन चोवीस तास उचलला जातो, आणि मराठीतही बोलता येतं.