हापूसच्या थेट विक्रीसाठी देशी पेमेंट गेटवे

कोकणातील काही आंबा बागायतदार व त्यांच्या उत्पादक कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकास पेट्या पाठवितात. शॉपिफाय, विक्स यांसारख्या सेवांमुळे असे दुकान मांडणे आता अवघड राहिलेले नाही. अडचण येते ती रक्कम स्वीकारताना. या परदेशी सेवांची स्वतःची पैसे स्वीकारण्याची व्यवस्था भारतात उपलब्ध नाही. पेपलनेही १ एप्रिल २०२१ पासून भारतातील देशांतर्गत व्यवहार बंद केले. शिवाय मुंबई-पुण्याचा ग्राहक बहुधा यूपीआयनेच पैसे देऊ इच्छितो. यास्तव रेझरपेसारखा देशी गेटवे दुकानास जोडणे क्रमप्राप्त ठरते.

गेटवे हा ग्राहक व विक्रेता यांमधील मध्यस्थ होय. अडत्याप्रमाणे तोही आपला मोबदला कापून घेतो, म्हणून पेटीचा भाव ठरविण्यापूर्वी हिशेब मांडावा. शुल्क शेकडा २ धरल्यास १,२०० रुपयांच्या पेटीमागे २४ रुपये व त्यावर १८ टक्के जीएसटी लागल्यास त्याचे ४ रुपये ३२ पैसे जातात. हाती १,१७१ रुपये ६८ पैसे येतात. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर एमडीआर नाही हे खरे, तथापि गेटवे आपल्या सेवेचे शुल्क निराळे आकारू शकतो. बाहेरचा गेटवे जोडल्याबद्दल काही दुकान-सेवाही वेगळी टक्केवारी घेतात. ही बाब पुष्कळदा नजरेतून सुटते.

गेटवे निवडताना त्याचे नाव रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत यादीत आहे, याची खात्री करावी. अर्जासोबत पॅन, कंपनीचे नोंदणीपत्र व कंपनीच्याच नावाचे बँक खाते लागते. संकेतस्थळावर पत्ता, माल पोचविण्याच्या अटी व रक्कम परत करण्याचे नियम नसतील तर अर्ज अडकतो. फळ तयार झाल्यावर अर्ज करणाऱ्याचा हंगाम कागदपत्रांतच जावयाचा. तो मोहोराच्या वेळीच करणे हितावह.

जोडणी झाल्यावर प्रथम चाचणीच्या कळा वापरून व्यवहार करून पाहावा आणि विक्रीपूर्वी त्या जागी प्रत्यक्ष व्यवहाराच्या कळा घालाव्यात. हा बदल राहून गेल्यास दुकानात ‘रक्कम मिळाली’ अशी नोंद होते, परंतु खात्यात पैसाही जमा होत नाही. बदलानंतर घरच्याच माणसाकडून लहानशी खरी खरेदी करवून रक्कम बँकेत येईपर्यंत वाट पाहावी. तीस साधारणतः एक ते तीन कामाचे दिवस लागतात.

याच्या उलट प्रकारही घडतो. ग्राहकाचे पैसे जातात, पण दुकानात मागणी नोंदली जात नाही. अशा वेळी गेटवेच्या नोंदवहीत व्यवहार क्रमांक शोधून निर्णय घ्यावा. ग्राहकाने पाठविलेल्या पडद्याच्या छायाचित्रावर विसंबून पेटी कदापि रवाना करू नये. आंबा एकदा गाडीत चढला की परत आणून विकता येत नाही. डागी फळाबद्दल रक्कम परत करावयाची झाल्यास ती गेटवेमार्फतच करावी, म्हणजे तिची नोंद राहते; मूळ व्यवहाराचे शुल्क मात्र बहुधा परत मिळत नाही.