पृथ्वीच्या जन्माचा दाखला कुठे आहे?

राजुरीच्या शिवारात विहीर खोदायला घेतली की आधी माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या आणि शेवटी काळा कातळ. सुरुंग लावल्याशिवाय तो हलत नाही. जुन्नर तालुक्यात सगळीकडे हाच दगड. लेण्याद्रीची लेणी त्याच्यातच कोरलेली, शिवनेरीही त्याचाच. दिसायला पुराणपुरुष असलेला हा कातळ वयाने मात्र पोरसवदा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि थिजले, तेव्हाचा तो. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. त्यातला जेमतेम दीड टक्का काळ या कातळाने पाहिला आहे.

तेव्हा पृथ्वी कशी जन्मली, हे त्याला विचारून उपयोग नाही. दुसऱ्या दगडांनाही फारसं विचारता येत नाही. कॅनडातले अतिप्राचीन खडकसुद्धा सुमारे ४०० कोटी वर्षांचेच. त्याआधीचे बहुतेक सगळे पुरावे पृथ्वीने स्वतःच वितळवले, चिरडले, पोटात ओढून घेतले. उरतात दोन वाटा. पृथ्वीच्या बांधकामातून शिल्लक राहिलेला माल कुठे सापडतो का ते बघायचं, किंवा आज जिथे असं बांधकाम चालू आहे तिथे डोकावायचं. दोन्ही वाटा महाराष्ट्रातून जातात.

पहिली काटोलची. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या या गावात आणि आसपास आकाशातून दगड पडले. असा दगड म्हणजे अशनी. काटोलचा अशनी ‘एल-६’ जातीचा कॉन्ड्राइट आहे. म्हणजे तो अशा लघुग्रहाचा तुकडा आहे, जो कधी पुरता वितळलाच नाही आणि ज्याचा लोखंडी गाभा आणि दगडी कवच वेगळे झाले नाहीत. पण आतून तो इतका तापला होता, की कॉन्ड्राइटची ओळख असलेले मोहरीएवढे, त्याहूनही बारीक गोल दाणे भोवतालच्या दगडात मिसळून पुसट झाले आहेत. ही धग कसली? अ‍ॅल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी अणूची. सुमारे सात लाख वर्षांत तो निम्मा होतो. त्यामुळे जे लघुग्रह लवकर जमले ते चांगलेच शेकले, उशिरा जमलेले कच्चे राहिले.

आयआयटी खरगपूरच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात २०२१ साली याच अशनीत ब्रिजमनाइट हे खनिज सापडल्याचं प्रसिद्ध झालं. आपल्या पायाखाली ६६० किलोमीटरपेक्षा खोल ते विपुल आहे, पण तिथून वर आणणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. काटोलच्या दगडात ते तयार झालं अंतराळातल्या टकरीच्या दाबाने. पृथ्वीच्या पोटातला ऐवज असा आभाळातून हाती आला.

सूर्यमालेच्या वयाचा सर्वांत जुना आकडाही अशनींनीच दिला आहे. १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या अयेंदे अशनीत पांढुरके ठिपके दिसतात. कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमने समृद्ध असलेले हे कण सर्वांत आधी घट्ट झाले. शिशाच्या समस्थानिकांवरून अशा कणांचं वय निघालं सुमारे ४५६.७ कोटी वर्षं. सूर्यमालेचं घड्याळ तिथून सुरू होतं.

त्याच्या आधी इथे होता वायू आणि धुळीचा एक थंडगार ढग. तो स्वतःच्याच गुरुत्वाने आत कोसळू लागला. फुगडी घालणाऱ्या मुली एकमेकींच्या जवळ आल्या की गिरकीचा वेग वाढतो, तसा ढगाचाही वाढला. बहुतेक माल मध्यभागी जाऊन सूर्य झाला. आज सूर्यमालेतलं ९९.८ टक्के द्रव्य त्याच्याकडेच आहे. उरलेलं भोवती तबकडीसारखं फिरत राहिलं. ढग फिरत आकसला आणि सूर्यमाला झाली, ही कल्पना कांटने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये मांडली होती. तबकडीत धूळ धुळीला चिकटली, पलंगाखाली केराचे गोळे जमतात तशी. त्यांचे पुढे खडे झाले, खड्यांचे किलोमीटरभर रुंदीचे धोंडे. सूर्याजवळच्या धगीत फक्त खनिजं आणि धातू टिकले, म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ दगडी. लांब गारठ्यात बर्फही मिळालं, म्हणून गुरू झपाट्याने वाढला आणि काही दशलक्ष वर्षांत, वायू उडून जायच्या आत, त्याने तो ओढून घेतला. पृथ्वीला मात्र टकरींतून वाढायला कोट्यवधी वर्षं लागली. त्यातली शेवटची मोठी टक्कर मंगळाएवढ्या गोळ्याशी झाली आणि उडालेल्या राडारोड्यातून चंद्र बनला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

धूळ चिकटते हे ठीक, पण मीटरभराचे धोंडे एकमेकांवर आदळून फुटायला हवेत किंवा सूर्यात जाऊन पडायला हवेत. ते तगले कसे, यावर अजून वाद आहे.

म्हणून दुसरी वाट, जिथे असं बांधकाम आज चालू आहे. राजुरीहून फार दूर नाही, त्याच तालुक्यात, खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी वापरल्याने वारा आरपार जातो, आणि खाली उभं राहिलं तर तबकडीतून आभाळ दिसतं. १४ तबकड्या मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. इथले कान इतके तिखट, की जवळून गेलेल्या मोटरसायकलच्या स्पार्क प्लगची ठिणगीही गोंगाट ठरते.

याच दुर्बिणीने डब्लिनच्या संशोधकांसाठी डीजी टॉरी हा तान्हा तारा न्याहाळला. अंदाजे १० लाख वर्षांचा, भोवती धुळीची तबकडी, आणि तबकडीच्या काटकोनात वेगाने फेकला जाणारा द्रव्याचा फवारा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फवाऱ्याच्या टोकाशी प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे संकेत होते. आपल्या सूर्यासारख्याच ताऱ्याच्या बाळपणात असे कण सापडले, तर त्या माऱ्याने तबकडीतली रसायनं बदलत असतील का, हा पुढचा प्रश्न. त्याच वर्षी चिलीमधल्या आल्मा दुर्बिणीने शेजारच्या एचएल टॉरी ताऱ्याच्या तबकडीतल्या काळ्या-उजळ कड्या टिपल्या. घडत असलेले ग्रह धूळ बाजूला सारत असतील, असं त्यांचं एक स्पष्टीकरण आहे.

डीजी टॉरी आपल्यापासून सुमारे ४०० ते ४५० प्रकाशवर्षांवर आहे. खोडदला पोचलेल्या त्या लहरी निघाल्या, तेव्हा शिवनेरीवर शिवजन्म व्हायचा होता. मार्गशीर्षात जेवणं आटोपून अंगणात आलं की पूर्वेकडे कृत्तिकांचा झुबका आणि खाली तांबूस रोहिणी दिसते. डीजी टॉरी त्याच पट्ट्यात आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.