जित्यांना भाड्याचं घर, मेल्यांना महाल

भेस्तान, उधना, लिंबायत या पट्ट्यात खानदेशी माणूस असा रुळलाय की सुरत त्याला परकी वाटतच नाही. पण परदेशी वकील आणि व्यापारी या शहरात कसे राहिले, ते पाहायचं तर भेस्तानहून अख्खं शहर ओलांडून कतारगाम दरवाजा गाठावा. तिथे इंग्रज आणि डचांची जुनी कबरस्तानं आहेत.

इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो 1615 साली सुवाळीला उतरला आणि जहांगीरच्या दरबारी गेला. 1618 साली शहजादा खुर्रमकडून त्याने सवलती मिळवल्या. सुरतेत इंग्रजांनी घर भाड्याने घ्यावं, विकत घेऊ नये, बांधूही नये, अशी अट मात्र त्यांत होती. मोगलांची ही शंका मला रास्त वाटते. तटबंदीची वखार म्हणजे पाहुण्याने सोबत आणलेला किल्लाच! 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा जॉर्ज ऑक्झिंडनने इंग्रजांची वखार लढवली. खूश झालेल्या औरंगजेबाने वर्षाची जकात माफ केली. याच घराण्यातला हेन्री ऑक्झिंडन 1674 साली नजराणा घेऊन रायगडावर राज्याभिषेकाला हजर! वकिली म्हणतात ती ही.

घर बांधता येईना, मग दिमाख दाखवायचा कुठे? कबरीवर. क्रिस्टोफर ऑक्झिंडन 1659 साली वारला, त्याचा भाऊ जॉर्ज 1669 साली. दोघांची मिळून दुमजली, घुमटाची भव्य इमारत उभी राहिली. डच मागे राहतात थोडेच? मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवणारा व्हान रीड 1691 साली वारला. त्याच्यासाठी त्यांनी खांबांच्या सज्जांची, दुहेरी घुमटाची कबर बांधली. गंमत अशी की दोन्हीकडे आत ख्रिस्ती माणूस आणि बाहेर थेट मुसलमानी मकबऱ्याचा थाट. रुबाब यजमानाला कळेल अशाच घाटात दाखवला.

दिल्लीत चाणक्यपुरीत एडवर्ड ड्युरेल स्टोनने बांधलेला, 1959 साली उघडलेला अमेरिकी दूतावास हेच करतो. त्याच्या चारही अंगांना जाळी आहे. ऊन अडतं, हवा खेळते, आणि भारतीय पाहुण्याला ओळखीचं काही दिसतं.

कतारगामला गेलात तर आधी ऑक्झिंडन बंधूंना भेटा, मग व्हान रीडला. या क्रमाने पाहिलं की डचांनी कुठे वरचढपणा साधला ते बरोबर ध्यानात येतं.